बिंदू आणि अर्थ : पेशीमृत्यूच्या एका प्रथिनावरील खुणेचे मापन



मराठीच्या निवृत्त अध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी पेशीविज्ञानातील विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत ते या शाळेत विज्ञान शिकवीत, आणि ते मराठीतून शिकवीत. शास्त्रीय विचार स्वभाषेत मांडण्याची परंपरा बडोद्याला नवी नाही. राज्यकारभाराच्या परिभाषेचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा बहुभाषिक कोश १९३१ साली याच संस्थानाने प्रसिद्ध केला. त्या परंपरेच्या आधारानेच हे धाडस करीत आहे.

प्रश्न असा आहे. पेशीने जगावे की मरावे या निर्णयात भाग घेणारे एक प्रथिन आहे. त्यावर फॉस्फेटची एक सूक्ष्म खूण उमटते आणि पुसलीही जाते. काचपात्रात वाढविलेल्या पेशींमध्ये ही खूण किती आहे, हे कसे मोजतात? आणि मोजल्यानंतर नेमके काय सिद्ध होते? या दोन प्रश्नांतील दुसरा अधिक कठीण आहे, आणि आजच्या विवेचनाचा रोखही त्याकडेच आहे.

मरण्याचीही एक व्यवस्था

आपल्या शरीरातील पेशी केवळ इजा होऊन मरतात असे नाही. कित्येक पेशी शिस्तीने, ठरलेल्या क्रमाने आणि शेजाऱ्यांना त्रास न देता स्वतःचा शेवट करतात. गर्भाच्या हातापायांची बोटे सुटी होतात ती मधल्या पेशी अशा रीतीने नाहीशा होतात म्हणून. बेडकाच्या पिल्लाची शेपटी झडते तीही याच मार्गाने. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स नावाचा एक मिलिमीटरभर लांबीचा कृमी आहे. त्याच्या उभयलिंगी जीवाच्या वाढीत १,०९० कायिक पेशी निर्माण होतात आणि त्यांपैकी नेमक्या १३१ ठरल्याप्रमाणे मरतात, उरतात ९५९. या कृमीवरील संशोधनासाठी सिडनी ब्रेनर, रॉबर्ट हॉर्व्हिट्झ आणि जॉन सल्स्टन यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या प्रकारच्या मृत्यूला ‘ॲपॉप्टोसिस’ हे नाव १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघा संशोधकांनी दिले. ते सुचविले ॲबर्डीन विद्यापीठातील ग्रीक भाषेचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी. झाडाची पाने किंवा फुलाच्या पाकळ्या गळून पडणे, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. पेशीविज्ञानाच्या एका मध्यवर्ती संकल्पनेचे बारसे भाषेच्या अध्यापकाने केले, याचा माझ्यासारख्याला थोडा अभिमान वाटला तर आपण क्षमा कराल.

ही गळती थांबली तर काय होते? मरावयास हवी ती पेशी मरत नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यास लसीका-पेशींच्या एका कर्करोगात ‘बीसीएल-२’ नावाचे जनुक जागचे हललेले आढळले. पेशींची वाढ वेगाने घडवून आणणारे ते जनुक असावे, असा प्रथम समज होता. १९८८ साली डेव्हिड व्हॉ, सुझॅन कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी दाखविले की ते पेशींना मरू देत नाही. कर्करोग म्हणजे केवळ बेसुमार जन्म नव्हे, अडविलेला मृत्यूही आहे, हे तेव्हापासून स्पष्ट होत गेले.

‘बॅड’ नावाचे प्रथिन

बीसीएल-२ चे मोठे कुटुंब आहे. त्यातले काही सदस्य पेशीचे रक्षण करतात, काही तिला मृत्यूकडे ढकलतात. या दुसऱ्या गटातील एक प्रथिन स्टॅन्ली कॉर्समायर यांच्या प्रयोगशाळेने १९९५ साली प्रसिद्ध केले. त्याच्या लांब नावाचे संक्षिप्त रूप ‘बॅड’ असे होते. इंग्रजीत त्याचा अर्थ ‘वाईट’. पण कर्करोगाच्या पेशीला मारणारे प्रथिन रुग्णाच्या दृष्टीने वाईट म्हणता येत नाही, हे येथेच नोंदवून ठेवू.

बॅडचे काम असे आहे. पेशीची ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांच्या आवरणावर ‘बीसीएल-एक्सएल’ हे रक्षक प्रथिन पहारा देते. बॅड त्याला मिठी मारून निष्प्रभ करते. पहारा उठला की दुसरी प्रथिने त्या आवरणाला छिद्रे पाडतात, सायटोक्रोम-सी बाहेर झिरपते आणि कॅस्पेज नावाची विकरे पेशीचे आतून तुकडे करू लागतात.

मग निरोगी पेशीत बॅड असूनही ती जगते कशी? याचे उत्तर १९९६ साली कॉर्समायर यांच्याच गटाने दिले. पेशीला बाहेरून ‘जगत राहा’ असा रासायनिक निरोप मिळत असेल, तर बॅडवरील दोन ठरावीक जागी फॉस्फेट जोडले जाते. अशा खुणेच्या बॅडला ‘१४-३-३’ नावाचे दुसरे प्रथिन पकडून पेशीद्रवात अडकवून ठेवते; ते रक्षकापर्यंत पोहोचतच नाही. निरोप बंद झाला की खूण पुसली जाते आणि बॅड मोकळे होते. पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, या दोहोंपैकी एका जागी फॉस्फेट जोडणारे विकर ‘एकेटी’ हे असल्याचे दोन गटांनी दाखविले.

बिंदूएवढी खूण

प्रथिन म्हणजे ॲमिनो आम्लांची माळ. उंदराच्या बॅडमध्ये असे २०४ मणी आहेत. त्यांपैकी ११२ वा, १३६ वा आणि १५५ वा हे सेरीन नावाचे मणी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे. सेरीनला ऑक्सिजन व हायड्रोजन यांची एक छोटी शेंडी असते. एटीपी या ऊर्जावाहक रेणूवरील फॉस्फेट काढून विकर ते या शेंडीला जोडते. या क्रियेला फॉस्फोरिलीकरण म्हणतात. प्रथिनांचे कार्य अशा रीतीने चालू-बंद होते हे एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी १९५० च्या दशकात शोधले; त्यांना १९९२ चे नोबेल मिळाले.

बॅडचे वस्तुमान सुमारे बावीस हजार डाल्टन. एका फॉस्फेटने त्यात भर पडते ती जेमतेम ८० डाल्टनांची. परंतु फॉस्फेटवर ऋण विद्युत्भार असतो, आणि त्यामुळे प्रथिनाची ओळख बदलते. आपल्या भाषेतील उदाहरण घ्यावयाचे तर अनुस्वाराचे. ‘वश’ आणि ‘वंश’, ‘मद’ आणि ‘मंद’, ‘कस’ आणि ‘कंस’ यांत शाईचा एक ठिपका तेवढा अधिक आहे. अर्थ मात्र पार बदलला. फॉस्फेट हा प्रथिनावरचा असा अनुस्वार आहे. त्याचे मापन म्हणजे हजारो शब्दांच्या गर्दीतून एकच शब्द शोधून त्याच्या किती प्रतींवर ठिपका आहे हे मोजणे.

काचपात्रातील पेशी

हे मापन बहुधा शरीराबाहेर वाढविलेल्या पेशींवर करतात. ३७ अंश सेल्सिअस तापमान, हवेत सुमारे ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि पोषक द्रव एवढी सोय केली की कित्येक प्रकारच्या पेशी काचेच्या वा प्लास्टिकच्या पात्रात वाढतात. या तंत्राशी मराठी माणसाचा जुना संबंध आहे. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज ओटो गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धन अभ्यासले आणि परत आल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. आज पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात देशातील संशोधकांसाठी पेशींचे भांडार सांभाळले जाते.

त्याच गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या रुग्णेच्या पेशी तिची अनुमती न घेता वाढविण्यात आल्या. ती त्याच वर्षी निवर्तली. तिच्या ‘हेला’ पेशी जगभर वाढतच राहिल्या. त्या इतक्या जोमदार की इतरांच्या पात्रांतही शिरल्या. १९६६ साली स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवून दिले की वेगवेगळ्या अवयवांच्या समजल्या जाणाऱ्या अनेक पेशीवंशांत प्रत्यक्षात हेलाच होत्या. म्हणून मापनाची पहिली अट प्रथिनाशी संबंधितच नाही: आपल्या पात्रात जी पेशी आहे असे आपण म्हणतो, तीच तेथे आहे काय, हे आधी तपासले पाहिजे.

मापनाच्या पायऱ्या

आता प्रयोग पाहू. बॅडचा १९९६ चा अभ्यास उंदराच्या अशा पेशींवर झाला, ज्यांना इंटरल्युकिन-३ हे संदेशक द्रव्य मिळत राहिले तरच त्या जगतात. काही पात्रांत ते द्रव्य ठेवावयाचे, काहींतून काढून घ्यावयाचे, आणि काहींत काढून पुन्हा घालावयाचे. ठरलेल्या वेळी सर्व पात्रांतील पेशी फोडून त्यांतील प्रथिने बाहेर काढावयाची.

येथेच पहिला धोका असतो. पेशीत फॉस्फेट जोडणारी विकरे आहेत तशी ते काढून टाकणारीही आहेत, आणि पेशी फुटल्यावरही ती आपले काम थांबवीत नाहीत. नमुना मेजावर थोडा वेळ राहिला तरी खूण पुसली जाऊ शकते, आणि संशोधकाला वाटते की ती नव्हतीच. म्हणून सर्व काम बर्फावर चालते आणि फोडण्याच्या द्रवातच सोडियम फ्लोराइड, सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट यांसारखे त्या विकरांना रोखणारे पदार्थ आधीच घातलेले असतात.

त्यानंतर सर्व नमुन्यांतील प्रथिनांचे एकूण प्रमाण सारखे करून ती एका जेलीसारख्या थरातून विजेच्या साहाय्याने पळवितात. लहान प्रथिने पुढे जातात, मोठी मागे राहतात. मग ती सारी एका पातळ पटलावर उतरवून घेतात. या पद्धतीचे नाव ‘वेस्टर्न ब्लॉट’. त्यामागे एक भाषिक विनोद आहे. डीएनएसाठीची तशीच पद्धत १९७५ साली एडविन सदर्न यांनी काढली. सदर्न हे त्यांचे आडनाव, पण इंग्रजीत त्याचा अर्थ ‘दक्षिणेकडील’. आरएनएची पद्धत निघाली तेव्हा तिला ‘उत्तरेकडील’ म्हटले गेले, आणि १९८१ मध्ये प्रथिनांच्या पद्धतीला ‘पश्चिमेकडील’. एका गृहस्थाच्या आडनावातून अशा दिशा निघाल्या.

पटलावरील हजारो प्रथिनांतून बॅड ओळखावयाचे काम प्रतिपिंडे करतात. बॅडच्या माळेचा १३६ व्या सेरीनभोवतालचा लहानसा तुकडा, फॉस्फेटसह, प्रयोगशाळेत बनवून तो सशाला टोचला, तर सशाच्या रक्तात त्या तुकड्याला नेमके धरणारी प्रतिपिंडे तयार होतात. त्यांतून खूण असलेल्या रूपालाच धरणारी वेगळी काढतात. प्रतिपिंडाला जोडलेल्या विकरामुळे पटलावर प्रकाश उमटतो आणि तेथे एक काळी पट्टी मिळते. पट्टी जितकी गडद तितकी खूण अधिक, असे ढोबळ मानाने म्हणता येते. मात्र एका मर्यादेपलीकडे गडदपणा वाढत नाही, हे विसरून चालत नाही.

पटलाचा उरलेला भाग भरून टाकण्यासाठी पुष्कळदा साध्या दुधाची भुकटी वापरतात. पण दुधातील केसीन हे स्वतःच फॉस्फेटयुक्त प्रथिन आहे. फॉस्फेट शोधताना तेच पटलावर पसरले तर घोटाळा होऊ शकतो, म्हणून अशा वेळी पुष्कळजण गाईच्या रक्तद्रवातील अल्ब्युमिन पसंत करतात.

आकड्यांचीही एक अडचण आहे. मानवी बॅडची माळ उंदराच्या माळेहून आखूड, १६८ मण्यांची आहे. त्यामुळे उंदरातील ११२, १३६, १५५ या जागा माणसात ७५, ९९, ११८ या क्रमांकांवर येतात. तरीही मानवी पेशींवरील लेखांत आणि प्रतिपिंडांच्या बाटल्यांवर पुष्कळदा उंदराचेच क्रमांक असतात. ‘सेरीन-१३६’ आणि ‘सेरीन-९९’ या दोन वेगळ्या जागा समजणाऱ्याची दिशाभूल निश्चित.

भागाकाराचे महत्त्व

समजा, औषध न दिलेल्या पेशींत खुणेच्या पट्टीचे माप ८०० आले. ‘क’ औषध दिल्यावर ते ३०० झाले, आणि ‘ख’ औषध दिल्यावरही ३००. दोन्ही औषधांनी खूण सारखीच पुसली, असा निष्कर्ष कोणीही घाईने काढील. आता दुसऱ्या प्रतिपिंडाने, जे खूण असो वा नसो सर्वच बॅडला धरते, एकूण प्रथिन मोजा. समजा, औषधाविना ते १,००० आहे, ‘क’ नंतरही १,०००. पण ‘ख’ नंतर ३७५. भागाकार करा. औषधाविना ०.८, ‘क’ नंतर ०.३, ‘ख’ नंतर पुन्हा ०.८. म्हणजे ‘ख’ औषधाने खुणेला हातही लावलेला नाही. त्याने बॅड प्रथिनच कमी केले. एका भागाकाराने निष्कर्ष उलटला.

या ०.८ चा अर्थ ‘ऐंशी टक्के रेणूंवर खूण आहे’ असाही घेता येत नाही. दोन प्रतिपिंडांची पकड सारखी नसते. म्हणून हे गुणोत्तर नमुन्या-नमुन्यांच्या तुलनेपुरतेच खरे. शिवाय ही सगळी सरासरी आहे. वर्गाची सरासरी ५० गुण आली, तर सर्वांना ५० मिळाले असतील, किंवा निम्म्यांना १०० व निम्म्यांना शून्य. पेशींच्या बाबतीत या दोन शक्यतांत जीवनमरणाचा फरक आहे, आणि तो जाणून घ्यावयाचा तर एकेक पेशी स्वतंत्रपणे मोजणारी उपकरणे वापरावी लागतात.

तसेच, एकाच पात्रातील द्रव तीन ठिकाणी घालून मिळालेली तीन मापे म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. एका विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका तीन परीक्षकांनी तपासली म्हणून विद्यार्थी तीन होत नाहीत. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पात्रांत वाढविलेल्या पेशींनी तेच सांगितले पाहिजे.

आणि प्रतिपिंड खरोखर फॉस्फेटच पाहते काय? त्याची कसोटी सोपी आहे. नमुन्याचा एक भाग फॉस्फेट काढून टाकणाऱ्या विकराबरोबर ठेवावा. पट्टी नाहीशी झाली तर ते प्रतिपिंड फॉस्फेट पाहत होते. तशीच राहिली तर ते दुसरेच काही दाखवीत होते.

ठिपक्यापासून अर्थापर्यंत

एवढे सारे नीट केल्यावर खूण कमी झाली हे सिद्ध झाले. पेशी मेल्या हेही स्वतंत्र पद्धतीने मोजले. तरी ‘खूण कमी झाली म्हणून पेशी मेल्या’ असे म्हणण्याचा अधिकार अजून मिळालेला नाही. कदाचित पेशी मरू लागल्या म्हणून खूण कमी झाली असेल.

येथे पुन्हा अनुस्वाराकडे वळतो. आपल्यापैकी ज्येष्ठांना ‘कांहीं’, ‘नांव’, ‘जेव्हां’ असे लेखन आठवत असेल. त्या ठिपक्यांचा उच्चार कोणी करीत नसे; ती व्युत्पत्तीची किंवा व्याकरणाची खूण होती. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार गेले आणि वाक्याचा अर्थ कोठेही अडला नाही. ‘वंश’ मधला ठिपका मात्र काढता येत नाही. दोन्ही ठिपके कागदावर सारखेच दिसतात. कोणता बोलतो आणि कोणता मुका, हे ठिपका पाहून कळत नाही. तो काढून पाहावा लागतो.

पेशीविज्ञानातही तेच करावे लागते. जनुकात बदल करून सेरीनच्या जागी ॲलनीन हे ॲमिनो आम्ल बसवितात. त्याला शेंडी नाही, म्हणून फॉस्फेट जोडलेच जाऊ शकत नाही. कॉर्समायर यांच्या गटाने हे केले तेव्हा बॅडची मारकशक्ती वाढली. म्हणजे हा ठिपका बोलत होता. दुसरी कसोटी काळाची: खूण आधी जाते की पेशी आधी मरू लागते? कॅस्पेजांना रोखून मृत्यूच थोपविला आणि तरीही खूण गेली, तर ती मृत्यूचा परिणाम नव्हती.

२००२ साली एक पाऊल पुढे टाकण्यात आले. ११२, १३६ आणि १५५ या तिन्ही जागी ॲलनीन असलेले उंदीर जन्माला घालण्यात आले. केवळ काचपात्रातील निष्कर्षांवर विसंबून राहिलो, तर असे उंदीर जगणारच नाहीत असे वाटले असते. ते जगले. मात्र त्यांच्या पेशी संदेशक द्रव्याच्या अभावी अधिक सहजपणे मरत. यावरून समजले की ही खूण दिव्याच्या खटक्यासारखी नाही. ती उंबऱ्याची उंची वाढविते, ज्यायोगे मृत्यूला आत येणे कठीण जाते. २००३ साली यकृताच्या पेशींत बॅड साखरेच्या वापराशीही जोडलेले आढळले. एकाच शब्दाचे दोन अर्थ असावेत, तसे हे.

हे आपल्याशी का निगडित आहे

ही केवळ पंडितांची काथ्याकूट नव्हे. बॅडसारखी प्रथिने ज्या लहानशा भागाने रक्षकाला मिठी मारतात, त्या भागाची रासायनिक नक्कल करून औषध बनविता येईल, ही कल्पना याच अभ्यासातून आली. २०१६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले व्हेनेटोक्लॅक्स हे त्या मार्गाने आलेले औषध. ते बीसीएल-२ ला निष्प्रभ करते आणि रक्ताच्या काही कर्करोगांत आज वापरले जाते. १९८८ च्या त्या शोधापासून येथपर्यंत यायला २८ वर्षे लागली. कॉर्समायर यांनी हे औषध पाहिले नाही. मृत्यू नाकारणाऱ्या पेशींचा अभ्यास करण्यात आयुष्य घालविलेला हा संशोधक धूम्रपान करीत नसतानाही फुप्फुसाच्या कर्करोगाने २००५ साली, वयाच्या ५४ व्या वर्षी गेला.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात वा नात्यात हा रोग येऊन गेला आहे. अशा वेळी कोणीतरी कात्रण आणून देते: अमुक मुळीच्या अर्काने प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी मेल्या, अमुक प्रथिनावर परिणाम झाला. आशा लावून बसलेल्या माणसाला ते वाक्य औषधासारखे वाटते, आणि कधी कधी चालू असलेला उपचार त्यापायी सोडला जातो. अशा वेळी आज पाहिलेले प्रश्न शांतपणे विचारावेत. पेशी कोणत्या होत्या, आणि त्याच होत्या हे तपासले होते काय? खुणेला एकूण प्रथिनाने भागले होते काय? प्रयोग किती वेळा स्वतंत्रपणे केला? ठिपका काढून पाहिला होता काय? आणि काचपात्राबाहेर, सजीव शरीरात, आणि शेवटी रुग्णांत काय आढळले? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत ते कात्रण बाजूला ठेवावे आणि वैद्याने दिलेला उपचार चालू ठेवावा. उत्तरे मिळत नसतील तर ती बातमी खोटीच असते असे नाही. ती अपुरी असते, आणि अपुऱ्या वाक्यावर प्राण टांगू नयेत.

शाळेच्या व्यवस्थापनाला शेवटी एक विनंती. आपल्या प्रयोगशाळेत मुलांकडे सूक्ष्मदर्शक आहेत, परीक्षानळ्या आहेत. प्रयोगवहीत ‘निष्कर्ष’ या मथळ्याच्या आधी एक रकाना वाढवावा: ‘याखेरीज दुसरे कोणते कारण संभवते?’ त्याला पैसे लागत नाहीत. तो रकाना प्रामाणिकपणे भरण्याची सवय या शाळेतल्या मुलांना लागली, तर ज्यांच्या नावाने हे व्याख्यान होते त्यांचे स्मारक आपण केवळ छायाचित्राला हार घालून केले, असे होणार नाही.